रंग बाल्कनीत बघायचा

व्याही,

तुमचं फोटो छापायचं मशीन आता आमच्या न्यू टाउनच्या घरी आलंय. माझ्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर ठेवलंय. बटण दाबलं की लगेच कामाला लागत नाही. आधी घसा खाकरतं, आतल्या आत काहीतरी इकडून तिकडे सरकवतं, थांबतं, परत खाकरतं. मग म्हणतं, हं, द्या कागद. तुमचंही असंच होतं. काही सांगायचं असलं की आधी एवढी तयारी, की समोरच्याने तोवर चहा पिऊन घ्यावा.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहायचंय म्हणून माणसं आली होती. जन्म कुठला, शिक्षण काय, बँकेत कुठल्या शाखांना होतात, इकडे बदली केव्हा झाली, हे त्यांनी तुमच्या मृणालकडून उतरवून घेतलं. ते ते छापतील. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अण्णा, तुम्ही व्याही. तुम्ही दोन शब्द सांगा, आम्ही लिहून घेतो." मी म्हटलं, सांगणार नाही, लिहीन. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर सुटलेलं नाही. सुनेच्या बापाबद्दल लिहायला मला दुसऱ्याचा हात लागत नाही. आणि लोकांना काय लिहू? जे आहे ते तुम्हालाच लिहितो. वाचायचं त्यांनी वाचावं.

आपली पहिली भेट मांडवातली. पोरांनी न्यू टाउनच्या कंपनीत आपापलं जमवलं होतं, आपल्याला फक्त अक्षता टाकायला बोलावलं. तुम्ही बँकेचे साहेब, बालीगंजचा फ्लॅट, सूट घातलेला. मी सांगलीच्या हळदीच्या वखारीत हमाल म्हणून शिरलो आणि मुकादम होऊन बाहेर पडलो. तुम्ही माझा हात हातात घेतलात, आणि नमस्कार राहिला बाजूला, तळहात उलटा करून बघितलात.

"काय बघताय?"

"अजून पिवळा आहे का बघतोय."

मी म्हटलं, "बघा की. मीही बघणार आहे, तुमच्या बोटाला शाई कुठे राहिलीय ते."

विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही. तुम्ही मला नावाने कधी हाक मारली नाहीत. मुकादमच. चारचौघांत सुद्धा. मला राग यायला हवा होता, पण तुम्ही ते असं म्हणायचात जसं दुसरे कुणी कलेक्टर म्हणतील.

माझी बायको गेली आणि माझा संजय मला इकडे घेऊन आला. इथे मी बोलणार कुणाशी? खाली वॉचमनशी मोडकं हिंदी, मासेवाल्याशी नुसते हातवारे. संजय आणि मृणाल दिवसभर त्या काचेच्या ऑफिसात, संध्याकाळी येतात ते दमलेले. मराठी पोटभर बोलायचं म्हणजे रविवार. रविवारी सकाळी बस धरायची आणि बालीगंजला तुमच्याकडे यायचं. विहीणबाई पोहे करणार, तुम्ही मशीन चालू करणार, आणि मग जेवणापर्यंत आपण भांडणार.

तुम्हाला रिटायर झाल्यावर फोटोचं वेड लागलं. फोटो काढायचं तर होतंच, पण ते घरीच छापायचं. गल्लीच्या टोकाच्या स्टुडिओत छापून आणलेला फोटो तुम्ही मला पहिल्यांदा दाखवलात तेव्हा त्यात नदीचं पाणी निळं होतं. तुम्ही म्हणालात, "मुकादम, हुगळी कधी निळी बघितलीत?" मी म्हटलं, नाही, ती तर चहासारखी. "मग? हा माणूस प्रत्येक नदीला निळी करतो आणि प्रत्येक बाईला गोरी." त्या दिवशी ठरवलंत, आपल्या घरी, आपल्या हाताने, जसं आहे तसं.

जसं आहे तसं. तीन शब्द बोलायला सोपे. ते कागदावर आणायला तुम्ही किती कागद आणि किती शाई खाल्लीत ते विहीणबाईंना विचारा.

मला वाटायचं, स्क्रीनवर दिसतंय ते कागदावर आलं पाहिजे, त्यात एवढं काय? तुम्ही म्हणायचात, "स्क्रीन स्वतः पेटलेली असते, मुकादम. कागद पेटत नाही. त्याच्यावर बाहेरून उजेड पडला तर तो दिसणार." म्हणून तुम्ही स्क्रीनचा उजेड इतका खाली आणायचात की मला वाटायचं हा माणूस विजेचं बिल वाचवतोय. पण खरं आहे, तो खाली आणल्याशिवाय कागद आपला प्रत्येक वेळी काळवंडलेलाच यायचा. मग कागदाची जात. मशीनमध्ये जो कागद घातलाय त्याचंच नाव कॉम्प्युटरला सांगायचं, चकचकीत असेल तर चकचकीत, मऊ असेल तर मऊ. नाहीतर ते शाई चुकीची सोडतं. हे मला लगेच पटलं. ओल्या पोत्यात हळद भरून सुकी म्हणून विकता येत नाही.

पण एक गोष्ट तुम्ही शिकवलीत तिच्यावर मी हसलो होतो. रंग ठीक करायचं काम कॉम्प्युटर करू शकतो आणि मशीनही करू शकतं. दोघांपैकी एकालाच करू द्यायचं. दुसऱ्याला गप्प बसवायचं. दोघांनी केलं की एकाने दुरुस्त केलेलं दुसरा परत दुरुस्त करतो आणि फोटोची वाट लागते.

"एका वखारीत दोन मुकादम ठेवाल का तुम्ही?" असं विचारलंत.

"नाही."

"झालं तर."

"आणि एका घरात दोन व्याही?"

"तो दोष पोरांचा," तुम्ही म्हणालात, आणि कागद सरळ केलात.

आणि मग तुमचा कायदा. छापलेला कागद गरम भजीसारखा लगेच उचलायचा नाही. रात्रभर वाळू द्यायचा, कारण शाई सुकली की रंग बदलतो. आणि दुसऱ्या दिवशी तो ट्यूबखाली बघायचा नाही, दिव्याखाली बघायचा नाही. रंग बाल्कनीत बघायचा. सकाळच्या उजेडात, सरळ उन्हात नाही, सावलीत. तुमच्या बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीशेजारी उभं राहून आपण किती कागद धरले असतील! समोरच्या फ्लॅटमधल्या बाई मृणालला विचारायच्या म्हणे, तुझे बाबा आणि सासरे दर रविवारी कसली कागदपत्रं बघतात, प्रॉपर्टीचा काही वाद आहे का?

वाद होता. झेंडूचा.

पुलाखालच्या फुलबाजारात तुम्ही मला घेऊन गेला होतात. पहाटे निघालो. हार तिथे दोऱ्यासारखे नाही, दोरखंडासारखे विकतात. एक हमाल दोन्ही खांद्यांवर आणि डोक्यावर झेंडूचे वेटोळे घेऊन पायऱ्या चढत होता, नुसता चेहरा तेवढा बाहेर. मी तुम्हाला म्हटलं, हा काढा. तुम्ही म्हणालात, उजेड नाही. मग उजेड आला तर गर्दी आली. गर्दी हटली तर हमाल चहाला गेला. तुम्हाला मनासारखा फोटो मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं आणि माझे पाय गेले होते. पण फोटो आला. फोटो तुमचा, पण हमाल माझा. त्याच्या मानेची शीर कशी ताठ झालीय ते मला मानेत कळतं.

तो फोटो तुम्ही छापला आणि मी म्हटलं, झेंडू कमी पडलाय.

"कमी म्हणजे?"

"पिवळा कमी. जीव नाही त्यात."

"होता तेवढा आहे."

"मी होतो तिथे, व्याही. मी डोळ्याने बघितलाय. आयुष्यभर पिवळ्यात राहिलोय मी. मला शिकवू नका."

तुम्ही परत छापला. मी परत म्हटलं, कमी. तुम्ही कागद बदललात, मी म्हटलं, कमी. तुम्ही रंगांचं पुस्तक काढलंत, मी म्हटलं, पुस्तक बाजारात आलं होतं का? विहीणबाई आतून म्हणाल्या, "पोहे गार झाले, आता तेही पिवळे राहिले नाहीत." तुम्ही झेंडू वाढवला नाहीत. माझ्या समाधानासाठी एकदाही वाढवला नाहीत. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, घ्या बाबा, तुमचं तुम्हाला, म्हातारा हट्टी आहे, करा पिवळा. तुम्ही मला तसं कधी गप्प केलं नाहीत. ते मला त्या वेळी नीट कळलं नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच वाटायचं की हा माणूस माझ्यापेक्षा हट्टी आहे, आणि असा दुसरा मला भेटला नव्हता.

गेल्या थंडीतला एक रविवार. तुम्ही तोच कागद हातात धरून बाल्कनीत उभे, आणि मला समजावताय. मी मोबाइल काढला आणि तुमचा फोटो काढला. तुम्ही म्हणालात, "मी बोलतोय, मुकादम." मी म्हटलं, "म्हणूनच काढला. आता जरा थांबाल." तुम्ही थांबला नाहीत.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते झालं.

आत खोलीत ट्यूब लागली होती. तुम्ही मला कुठल्या तरी देवीच्या मूर्तीचा फोटो दाखवत होतात, आणि मी फोटोकडे न बघता तुमच्याकडे बघत होतो. म्हटलं, "व्याही, डोळे पिवळे दिसतायत."

"ट्यूबखाली रंग बघू नका. किती वेळा सांगायचं."

"मग चला बाल्कनीत."

तुम्ही हसलात आणि आलात. तुळशीपाशी उभे राहिलात, उजेडाकडे तोंड केलंत, एका बोटाने खालची पापणी ओढलीत. खाली मासेवाला ओरडत होता. तुम्ही म्हणालात, "बघा. नीट बघा."

मी बघितलं. सेलम हळद कशी दिसते, राजापुरी कशी दिसते, पावसात भिजलेली कशी दिसते, हे बघण्यात माझा जन्म गेला. 'नाही' म्हणणं मला जमलं असतं. पण तुम्ही मला रंग विचारला होता.

मी म्हटलं, "आहे."

"किती?"

"आहे म्हटलं ना."

तुम्ही पापणी सोडलीत. त्या दिवशी आपण वाद घातला नाही. पोहे खाल्ले, तुम्ही मशीन बंद केलंत, वर कापड टाकलंत, आणि मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आलात. कधी येत नव्हतात. बस आली तेव्हा म्हणालात, "उद्या डॉक्टरकडे जाऊन येतो." मी मान हलवली. त्याहून जास्त काही मला सुचलं नाही. बस सुटल्यावर सुचलं. नेहमी बस सुटल्यावरच सुचतं.

हॉस्पिटलचं मी लिहीत नाही. एक लिहितो. तिथल्या दिव्यांकडे बघून तुम्ही मला म्हणाला होतात, "इथे सगळेच पिवळे दिसतात, मुकादम. कुणाला काय झालंय काही समजत नाही." नर्सला वाटलं तुम्ही भ्रमात बोलताय. मी हसलो म्हणून ती माझ्यावर रागावली.

तुम्ही गेल्यावर विहीणबाई रडल्या, ते सगळ्यांनी बघितलं. पण नंतर एका दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच बोलल्या. म्हणाल्या, "डोळे मिटले की मला ह्यांचा तो शेवटचा चेहराच दिसतो. तो पिवळा. पन्नास वर्षांचा चेहरा कुठे गेला तेच कळत नाही. मला ह्यांचा एक फोटो हवाय, ह्यांच्या रंगाचा. तेराव्याला तोच ठेवायचा."

फोटो होते कुठे तुमचे? आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिलात. एक बँकेच्या निरोपसमारंभातला, त्यात फ्लॅशने तुम्ही पिठात लोळल्यासारखे. एक पासपोर्टचा. आणि एक माझ्या मोबाइलमधला, बाल्कनीतला, हातात झेंडूचा कागद घेतलेला.

संजय म्हणाला, "अण्णा, मोबाइलवरून ऑर्डर करू, दोन दिवसांत फ्रेमसकट घरी येतो." स्टुडिओवाल्याकडे तर मी स्वतः जाऊन आलो, विचारायला म्हणून. त्याने फोटो बघितला आणि प्रेमाने म्हणाला, "फॉर्शा कोरे देबो, दादा." गोरं करून देतो. मी फोन खिशात घातला आणि परत आलो. घरी सांगितलं, फोटो ह्यांच्याच मशीनवर छापला जाईल आणि मी छापणार. मृणालने तोंडाकडे बघितलं. संजय म्हणाला, "तुम्हाला येतं का पण?" मी म्हटलं, "त्यात काय आहे?"

व्याही, त्यात सगळंच आहे.

मशीन इकडे आणलं. महिनाभर बंद होतं, शाई आत वाळलेली. पहिला कागद आला तो पट्ट्यापट्ट्यांचा, तुम्ही जणू खिडकीच्या गजांमागे उभे आहात. तुम्ही करायचात तशी मी रेघांची परीक्षा घेतली, लाल शाईच्या रेघा मधेमधे गायब. मशीनला साफसफाई करायला लावली, परत रेघा, परत साफसफाई, तेव्हा कुठे सगळ्या रेघा जाग्यावर आल्या. मग परत तुम्ही. या वेळी असे गुलाबी, की होळी खेळून आलात आणि तोंड धुतलं नाहीत.

कॉम्प्युटरवर मृणाल बसली होती. इंग्रजी मला वाचता येत नाही. तुम्ही मला जागा शिकवल्या होत्या, वरून तिसरा चौकोन, त्याच्या आतला दुसरा, तेवढंच. ती बिचारी स्क्रीनकडे नीट बघतही नव्हती. बाप समोर उभा आहे, हात उचलून बोलतोय, आणि आवाज नाही. मी म्हटलं, जा, थोडी पड. ती म्हणाली, "नको अण्णा. मी माउस धरते, तुम्ही बघा."

लाल कमी केला तर हिरवे. हिरवा कमी केला तर परत गुलाबी. मी मशीनवर हात आपटला. आणि तेवढ्यात मला ती वखार आठवली. म्हटलं, "मृणाल, ह्यात मुकादम किती आहेत बघ."

"काय?"

"रंग कोण ठीक करतंय? कॉम्प्युटर का मशीन?"

तिने शोधलं. खूप आतल्या चौकोनात होतं. संजयने नव्या कॉम्प्युटरला मशीन जोडताना जे जसं आलं तसं ठेवलं होतं. म्हणाली, "दोघंही करतायत, अण्णा."

"मशीनला गप्प बसव."

तिने बसवलं. कागद घातला. मशीनने खाकरून घेतलं आणि तुम्हाला हळूहळू वरून खाली बाहेर काढलं. आधी केस, मग कपाळ, मग चष्मा. मृणाल म्हणाली, "बाबा." एवढंच म्हणाली.

सगळं बरोबर होतं. एक सोडून. कान. कान लाल होते. दोन्ही. म्हणजे थोडेसे नाही, शाळेत मास्तरने पिळल्यासारखे. मी म्हटलं, अजून लाल जास्त येतोय कुठेतरी, कानांवरचा काढ. मृणाल म्हणाली, "राहू देत ना." मी म्हटलं, "असे कान असतात का कुणाचे? तेराव्याला माणसं येणार. काढ." ती वाद घालत नाही. तुमची मुलगी असून वाद घालत नाही, हे मला कधी कधी खटकतं. तिने कानांचा रंग उतरवला, मी सांगत गेलो, ती उतरवत गेली, गालावरचाही जरा उतरवला. परत छापला. रात्रभर दोन्ही कागद पंख्यापासून लांब ठेवून वाळवले.

सकाळी बाल्कनीत नेले तर तुम्ही कैरीसारखे हिरवे. मान वर केली. मग लक्षात आलं, आमच्या बाल्कनीला उन्हासाठी हिरवी जाळी बांधलीय. जिना चढून गच्चीवर गेलो, टाकीच्या सावलीत उभा राहिलो, आणि कागद धरला. उत्तम होता. कपाळ कपाळासारखं, शर्ट शर्टासारखा, कान माणसासारखे. मला माझाच अभिमान वाटला. म्हटलं, व्याही, बघा, तुमच्याशिवाय जमलं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी बालीगंजला घेऊन आलो. चांगला कागद वर, बिघडलेले सगळे खाली. बिघडलेले फेकायचे नाहीत हा तुमचाच नियम. विहीणबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"छान आलाय," म्हणाल्या.

मी थांबलो. मृणालने विचारलं, "आई, काय झालं?"

"काही नाही गं. छानच आहे. बँकेच्या कॅलेंडरवर घालतात तसा. कधी कुणाला उलटून बोलला नसेल असा माणूस दिसतोय."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, आणि उलटा ठेवला. मला राग आला. खरं सांगतो, आला. म्हटलं एवढा जिना चढलो, आणि कॅलेंडर? त्यांनी सहज खालचे कागद चाळले. पट्ट्यांचा बाजूला ठेवला. होळीचा बाजूला ठेवला, तो बघून जरा हसल्यासारखं केलं. मग एक हातात घेतला आणि उठल्या. सरळ बाल्कनीत गेल्या. तुळशीपाशी.

तिथूनच म्हणाल्या, "हा."

मी मागे गेलो. "अहो, तो बिघडलाय. कान बघा."

"कानच बघतेय मी."

मग माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू होतं, दोन्ही एकदम. म्हणाल्या, "वाद घालताना ह्यांचे कान असेच व्हायचे. लग्न झालं तेव्हापासून. माझ्या आईने पहिल्या दिवाळीत सांगितलं होतं, जावयाचे कान लाल दिसले की विषय बदलावा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. इतके रविवार समोर बसलो, पण मी तुमच्या कानांकडे बघतच नव्हतो. मी तुमच्या तोंडाकडे बघायचो, ते कधी थांबतंय आणि मी कधी सुरू करतोय म्हणून. शिवाय मी तुम्हाला दुसऱ्या कुठल्या रंगात बघितलंच कुठे होतं? मी असलो की ते लालच असणार.

"ह्यांचा रंग मिळाला," विहीणबाई म्हणाल्या. कागद छातीशी धरला नाही, काही नाही. हात लांब करून, सावलीत, तुम्ही धरायचात तसा धरून बघत राहिल्या.

तेराव्याला तोच ठेवला. मृणालने रजनीगंधाचा हार सांगितला होता, इथे तोच घालतात. विहीणबाई म्हणाल्या, "ह्यांच्या हातात झेंडू आहे. हारही झेंडूचाच हवा." संजय सकाळी पुलाखाली जाऊन घेऊन आला. माणसं आली. ज्याने त्याने फोटो बघितला आणि जो तो म्हणाला, अगदी समोर उभे आहेत, आता काहीतरी बोलतील. मंडळातले एक गृहस्थ तर म्हणाले, "मला अजून वर्गणीवरून सुनावतील असं वाटतंय."

आता ऐका, कारण हे तुम्हाला सांगायचंच म्हणून मी पेन हातात घेतलंय. सकाळी हार ताजा होता तेव्हा मी फ्रेम उचलून बाल्कनीत नेली. खरा झेंडू आणि तुमच्या हातातल्या कागदावरचा झेंडू, शेजारी शेजारी. तुमचा कमी होता. स्पष्ट कमी. मी विहीणबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनाही मान्य करावं लागलं. म्हटलं, शेवटी मी जिंकलो, आणि ऐकायला माणूस नाही.

जेवणं झाली, दुपार झाली. मी निघण्याआधी फ्रेम परत जागेवर लावायला म्हणून उचलली. घरातल्या गर्दीने, उकाड्याने हार थोडा उतरला होता. कडेच्या पाकळ्या मऊ पडल्या होत्या. बाल्कनीत नेऊन बघितलं, तर रंग जुळला होता. कुठे फूल संपतं आणि कुठे कागद सुरू होतो ते माझ्या डोळ्याला कळेना. मला तो बाजार आठवला. पहाटे निघालो होतो आपण, पण फोटो काढलात तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी सकाळचा झेंडू डोळ्यांत धरून बसलो होतो. तुम्ही दुपारचा छापत होतात.

तर हिशेब असा. सकाळी मी बरोबर, दुपारी तुम्ही. याच्या पुढे मी एक पाऊल सरकणार नाही.

दारात चपला घालत होतो तेव्हा विहीणबाई आतून एक पाकीट घेऊन आल्या. तुमचा चांगला कागद, अर्ध्याहून जास्त शिल्लक. म्हणाल्या, "ह्यांच्या कॉम्प्युटरमध्ये अजून खूप फोटो पडून आहेत. कुणी छापले नाहीत तर नुसते पेटलेलेच राहतील. रविवारी यायचं थांबवू नका. पोहे करते."

"आणि चुकला रंग तर?"

"मी आहे की सांगायला," त्या म्हणाल्या. "मला गप्प बसवणार नाहीत ना?"

पहिला रविवार झाला. मशीन न्यू टाउनला, बाल्कनी बालीगंजला, म्हणून मी शनिवारी छापतो आणि रविवारी घेऊन जातो. प्रवासात शाई आपोआप वाळते. या वेळी नदीचा फोटो नेला होता. चहाच्या रंगाचा, जसा आहे तसा. विहीणबाईंनी तुळशीपाशी धरून बघितला आणि म्हणाल्या, पाणी जरा जास्तच गढूळ झालंय.

मी म्हटलं, होतं तेवढंच आहे.

त्या म्हणाल्या, मी तुमच्या आधीपासून बघतेय ती नदी, मला शिकवू नका.

व्याही, माझे कान गरम झाले. आत जाऊन आरशात बघितलं. लाल होते.